इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचताना अडतंय? या चुका टाळा

मराठी माध्यमातून शिकून, आता नोकरी सांभाळत एलएलबी किंवा बी.कॉम. करणाऱ्यांचं पुस्तक उघडलं की बहुधा एकच दृश्य दिसतं: पहिल्या तीन पानांवर ओळीओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ, आणि चौथ्या पानापासून सगळं कोरं. 'आपले शब्दच कमी पडतात' असं निदान करून माणूस शब्दकोशाच्या मागे लागतो. शब्द कमी पडतात हे खरं, पण गाडी अडते ती वाक्यात.

शब्दाच्या डोक्यावर अर्थ लिहिणं

दुसऱ्या वाचनात नजर आधी मराठीवर जाते आणि इंग्रजी शब्द वाचलाच जात नाही. दहा वेळा समोर येऊनही तो अनोळखीच राहतो. अर्थ लिहायचाच तर समासात लिहा, आणि एका पानाला पाचच. त्या पानावर दोन-तीनदा येणारा किंवा ज्याच्यावाचून परिच्छेद पुढे सरकत नाही, असा शब्द निवडा. बाकीच्यांखाली नुसतं टिंब द्या आणि पुढे चला.

शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणं ही याच चुकीची धाकटी बहीण. अर्थशास्त्रात 'अ गुड' म्हणजे वस्तू. करार कायद्यात 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला. 'द डेटा सजेस्ट' इथे कोणी काही सुचवत नाहीये. आकडेवारीवरून असं दिसतं, एवढाच अर्थ. 'आर्ग्यू'चंही तेच: लेखक भांडत नाही, कारणं देऊन मत मांडतोय. विषयाच्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश वापरा. कायद्यासाठी त्यांचाच न्यायव्यवहार कोश आहे.

क्रियापदाची वाट बघत बसणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. संविधानाच्या अनुच्छेद १४ चं वाक्य घेऊ: 'द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॉलिटी बिफोर द लॉ ऑर द इक्वल प्रोटेक्शन ऑफ द लॉज विदिन द टेरिटरी ऑफ इंडिया.' यात फार अवघड असा शब्द एकही नाही, तरी पहिल्या वाचनात अर्थ निसटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण सवयीने वाक्याच्या टोकापर्यंत धावतो. इथे टोकाला हाती लागतं 'इंडिया'.

म्हणून आधी क्रियापदाखाली रेघ मारा: 'शॅल नॉट डिनाय', नाकारणार नाही. कोण? 'द स्टेट'. काय नाकारणार नाही? इथेच पाय घसरतो. लगेच पुढे 'टू एनी पर्सन' आहे, पण ते 'कुणाला'चं उत्तर. 'काय'चं उत्तर त्याच्याही पुढे, 'ऑर'ने जोडलेलं: कायद्यापुढे समानता किंवा कायद्यांचं समान संरक्षण. उरलेला तुकडा 'कुठे' ते सांगतो. आणि 'स्टेट' म्हणजे फक्त महाराष्ट्रासारखं घटकराज्य समजलात तर एवढी मेहनत फुकट. अनुच्छेद १२ प्रमाणे त्यात केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं आणि नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थाही येतात.

रोज अशी तीन लांब वाक्यं वहीत फोडा: क्रियापद, कोण, काय, कुणाला, कुठे. पंधरा मिनिटं पुरतात.

छोटे शब्द गाळणं

'अनलेस'च्या पोटात नकार आहे. तो सुटला की कलमाचा अर्थ उलटा होतो. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. 'ऑल्दो'ने वाक्य सुरू झालं तर मुख्य म्हणणं स्वल्पविरामानंतर येतं. 'हाऊएव्हर' दिसला की त्याभोवती चौकोन काढा; आधीच्या मुद्द्याला तिथून वळण मिळतं. असे पंधरा-वीस शब्द पाठ केलेले बरे. शब्द पाठ करण्याचा सल्ला आम्ही सहसा देत नाही, इथे देतो.

पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटणं

वीस पानांचं प्रकरण असेल तर आधी दहा मिनिटं ही कामं करा: मथळे, पहिला आणि शेवटचा परिच्छेद, मग प्रकरणाअखेरचे प्रश्न. कशाच्या शोधात आहोत ते कळल्यावर अनोळखी शब्दांची भीती निम्मी होते. हायलायटर पहिल्या वाचनात पेटीतच राहू द्या. तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळंधमक होतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने अख्खं पान मराठीत करून घेतलं तर वाचन मोबाइलचं होतं, तुमचं नाही. आधी वाक्य स्वतः फोडा, मग तेवढंच तपासा.

झेपत नसलेलं पुस्तक रेटणं

कुठलेही सलग शंभर शब्द मोजा. त्यात दहापेक्षा जास्त अनोळखी निघाले तर पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. बालभारतीचं अकरावी-बारावीचं अर्थशास्त्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहे, संकेतस्थळावर फुकट मिळतं. तोच धडा आधी मराठीत, दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचा.

'वाचलं, पण आठवत नाही'

दोन पानं झाली की पुस्तक मिटून तीन ओळी लिहा. मराठीत लिहिल्या तरी चालतील. लिहिता आल्या नाहीत तर पुढे जाऊ नका. लोकलमध्ये किंवा एसटीत नवीन पान उघडू नका, आठवड्यापूर्वीचं टिंबांचं पान काढा. काही टिंबांचा अर्थ पुढच्या मजकुरातून उलगडलेला असेल, ती खोडा. जी उरतील तेवढेच शब्द कोशात बघा.