फॅनफिक्शनला टॅग लावताना: पेटीवर एक, आत भलतंच नको

'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत कर्नाटकी आंबा निघाला की गिऱ्हाईक भांडत बसत नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. फॅनफिक्शनचा, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा, चुकीच्या टॅगवर फसलेला वाचकही असाच गुपचूप निघून जातो. टॅग म्हणजे कथेला लावलेली ओळखचिठ्ठी. तिची कामं दोन: हवं ते सापडावं आणि नको ते टाळता यावं. पहिल्यासाठी सगळे हिरिरीने टॅग लावतात. घोळ होतो तो दुसऱ्यात.

इथे मुख्यतः 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे एओथ्रीची पद्धत धरली आहे. ही साइट २००९पासून चालू आहे आणि टॅगांची सर्वांत बारीक सोय तिच्यावरच आहे. तिथली शिस्त अंगवळणी पडली की बाकीकडे अडत नाही.

उदाहरणाला एक कथा घेऊ. मूळ आधार म्हणजे कोकणातल्या वाड्यावर घडणारी भुताची मालिका. तिच्यावर सहा प्रकरणांची कथा लिहिली: धाकटी सून सुमन आणि तांडेलाचा मुलगा दत्ता यांचं प्रेम. तिसऱ्या प्रकरणात सासरे खाडीत बुडतात, पाचव्यात राखणदाराला कोंबडा दिला जातो, शेवट गोड. नवखा लेखक टॅग लावतो ते असे: कोकण, मालवण, समुद्र, भूत, प्रेम, मासे, गणपती, सुंदर कथा, नक्की वाचा. नऊ टॅग झाले, पण कोणाची जोडी, कोण मरतं, शेवट कसा, यातलं वाचकाला काहीच कळलं नाही. गणपती तर कथेत एका आरतीपुरता येतो. 'सुंदर कथा' हे वाचकाने ठरवायचं.

आता क्रमाने. आधी रेटिंग. सर्वांसाठी, किशोरवयापासून पुढे, प्रौढ आणि उघड वर्णनांचं अशा चार पायऱ्या आहेत, शिवाय 'रेटिंग नाही' हा पर्याय. रेटिंग दिलं नाही म्हणजे कथा सौम्य ठरते असं नाही. शोध आणि गाळणीच्या (फिल्टरच्या) बाबतीत साइट अशा कथेला प्रौढ कथांच्या रांगेत बसवू शकते. दोन पायऱ्यांमध्ये अडलात तर त्यातली अधिक कडक घ्या.

मग इशारे. तपशीलवार हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा संमतीविना संबंध आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध हे चार ठरलेले. यांशिवाय आणखी दोन पर्याय असतात आणि लोक तिथेच घसरतात. 'कोणताही इशारा लागू नाही' म्हणजे कथेत या चारांपैकी काहीही नाही, ही हमी. 'लेखक इशारे देऊ इच्छित नाही' म्हणजे आत काहीही असू शकतं, स्वतःच्या जबाबदारीवर वाचा. रहस्य फुटेल म्हणून पहिला पर्याय लावला आणि तिसऱ्या प्रकरणात सासरे बुडाले, तर ती सरळ फसवणूक. रहस्य राखायचंच असेल तर दुसरा पर्याय घ्या. सुरुवातीच्या टिपेत 'तपशील शेवटच्या टिपेत आहेत' एवढं लिहा आणि तिथे खुलासा करा. ज्याला चालत नाही तो खाली जाऊन बघून येतो, बाकीच्यांची मजा जात नाही.

सासरे 'प्रमुख पात्र' का? मालिकेत अख्खा वाडा त्यांच्याभोवती फिरतो म्हणून. तुमच्या कथेत त्यांना चारच वाक्यं असली तरी वाचक येतो तो मूळ मालिकेतल्या पात्रांवर जीव जडवून.

फँडमचं (ज्या मूळ मालिकेवर वा पुस्तकावर कथा आहे तिचं) आणि पात्रांचं नाव टाइप करायला लागलात की खाली सुचवण्या येतात. त्यात तुमचं नाव रोमन लिपीत दिसलं तरी तेच निवडा. गाळणी त्या ठरलेल्या रूपावर चालते. तुम्ही देवनागरीत नवं रूप टाकलंत तर स्वयंसेवक ते मूळ टॅगला जोडतात, पण तोवर वेळ जातो. देवनागरी नावं सारांशात येऊ द्या. टॅगमध्ये स्वल्पविराम टाकू नका, तिथे तो तुटून दोन टॅग होतात.

जोडीच्या खुणा डोळे उघडे ठेवून लावा. 'सुमन/दत्ता' म्हणजे प्रेम किंवा शरीरसंबंध. 'सुमन & दत्ता' म्हणजे मैत्री, नातं, वैर, काहीही, पण प्रेम नव्हे. एकत्र कुटुंबाच्या कथेत हे फारच जपावं लागतं. सुमन आणि तिचा दीर रात्री पडवीत बसून सुपारी कातरत गप्पा मारतात एवढाच प्रसंग असेल आणि टॅगमध्ये तिरकी रेघ पडली, तर भलताच वाचकवर्ग जमा होईल आणि तोही शिव्या घालत परत जाईल. मुख्य जोडी पहिली लिहा. एका ओळीत डोकावणाऱ्या जोडीला टॅग नको. तिचे चाहते मोठ्या आशेने येतात आणि त्यांना ती एक ओळ मिळते.

जास्तीच्या टॅगमध्ये आपल्या कथेला लागतील ते: स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम), बुडून मृत्यू, पशुबळी, राखणदार, सुखान्त, मालवणी संवाद. पशुबळी हा ठरलेल्या चार इशाऱ्यांत बसत नाही. गावात कोंबडा देणं नेहमीचं असलं तरी ते वाचायला नको असणारे पुष्कळ आहेत, म्हणून टॅग हवाच. राखणदाराला मात्र 'भूत' म्हणून खपवू नका. तो वाडीची राखण करणारा. भयकथा शोधत आलेला वाचक हिरमुसतो आणि गाऱ्हाणं घालणारा दुखावतो.

बोलीचंही तसंच. खंय, झील, चेडू असे संवाद असतील तर भाषेच्या रकान्यात मराठी निवडा आणि 'मालवणी संवाद' हा टॅग वेगळा द्या. तिथे 'कोकणी' लिहू नका, गोव्याकडचे कोकणी वाचक येऊन पोहोचतील. अलिबागकडची आगरी आणि संगमेश्वरी यांनाही आपापल्या नावाने हाक मारा. अवघड शब्दांचे अर्थ प्रकरणाखालच्या टिपेत द्यावेत.

खऱ्या गावाचं नाव टॅगमध्ये घालायला हरकत नाही. पण वाडी आणि आडनाव दोन्ही नको. तळकोकणात तेवढ्यावरून घर ओळखतात.

फँडम, जोड्या, पात्रं आणि जास्तीचे टॅग मिळून मर्यादा ७५ची. ती गाठायला जाऊ नका, साध्या कथेला दहा-पंधरा पुरतात. फोनवर टॅगांची भिंत ओलांडून सारांशापर्यंत कोण जातो? 'मला टॅग करता येत नाहीत', 'पहिलीच कथा, सांभाळून घ्या' हे लेखकाच्या टिपेत लिहा. हॅशटॅग चालणाऱ्या ठिकाणी शब्दांमध्ये जागा सोडली तर टॅग तिथेच संपतो, तेव्हा 'मालवणी_संवाद' असं जोडून लिहा. जिथे साइटने ठरवलेले विषयच निवडायचे असतात, तिथे जोडी आणि इशारे पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर दोन ओळींत द्या.

प्रकरणं जसजशी येतील तसे टॅग वाढवा आणि काय वाढवलं ते त्या प्रकरणाच्या टिपेत सांगा. नाहीतर पहिल्यापासून वाचणाऱ्याला कळतच नाही. पुढे खून होणार हे ठरलेलं असेल तर टॅग आजच लावा. कोणी 'हा टॅग हवा होता' असं कळवलं तर वाद न घालता लावून टाका, एका मिनिटाचं काम आहे.

पावसात नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे बरेच जण कथा साइटवरच्या मसुद्यात ठेवून रेंज आली की टॅग लावतात. एओथ्रीवर मसुदा महिनाभरानंतर आपोआप पुसला जातो. कथा आणि टॅगांची यादी फोनमधल्या नोंदवहीत आधीच उतरवून ठेवा.