ब्लाइंड, शेड, शटर : खिडकीची ऑर्डर देताना या चुका टाळा

मागच्या वर्षी वाकडला एका फ्लॅटचं काम चालू होतं. घरातल्या काकूंनी ॲल्युमिनियमवाल्याला फोन करून सांगितलं, "बेडरूमच्या खिडकीला शटर पाहिजे." त्यांच्या मनात होती लाकडी, तिरप्या पट्ट्यांची, कवाडासारखी उघडणारी झडप. मुलीनं अमेरिकेहून तसे फोटो पाठवले होते. दोन दिवसांनी कोटेशन आलं ते खिडकीचं सरकतं काचेचं पान बदलण्याचं. ॲल्युमिनियमवाल्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या धंद्यात सरकत्या खिडकीच्या प्रत्येक पल्ल्याला शटरच म्हणतात. सुताराला 'शटर' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे कपाटाचं नाहीतर ओट्याखालचं दार येतं, आणि बाकी सगळ्यांना दुकानाचं खडखडत वर जाणारं लोखंडी शटर आठवतं.

गेली १२ वर्षं मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. खिडक्यांवर वाया गेलेले पैसे पाहिले तर त्यातले निम्मे खराब मालामुळे नव्हे, शब्दांच्या घोळामुळे गेलेले दिसतात. मापाप्रमाणे कापलेलं ब्लाइंड परत जात नाही. म्हणून शब्द आधी नीट लावून घेऊ.

नाव एक, वस्तू भलतीच

नेटवर वाचून दुकानात जाणाऱ्यांची पहिली गडबड इथेच होते. अमेरिकी लोक तीन वस्तू वेगळ्या धरतात. सुट्या पट्ट्यांचं, पट्ट्या फिरवून उजेड कमी-जास्त करता येतो ते ब्लाइंड. एकसंध कापडाचं, वर गुंडाळलं किंवा दुमडलं जाणारं ते शेड. आणि चौकटीला बिजागरीनं जोडलेलं कडक पान म्हणजे शटर. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे मात्र कापडाचं असो की पट्ट्यांचं, सगळं ब्लाइंडच. त्यामुळे अमेरिकी साइटवर 'रोलर शेड' म्हणून पाहिलेली वस्तू लक्ष्मी रोडच्या दुकानात 'रोलर ब्लाइंड' नावानं मिळते. तिथे जाऊन "शेड दाखवा" म्हणाल तर दुकानदार कापडाच्या तुकड्यांचं पुस्तक उघडून रंग दाखवायला लागेल, कारण त्याच्या भाषेत शेड म्हणजे रंगाची छटा. गवंड्याला विचारलंत तर तो खिडकीवरच्या छज्ज्याकडे बोट दाखवेल.

आपल्याकडे या सगळ्याला जुने शब्द आहेतच, आणि ते वापरले तर मिस्त्रीला चटकन समजतं. बांबूच्या काड्या विणून केलेला, दोरीनं वर गुंडाळायचा तो चिकाचा पडदा. उन्हाळ्यात पाणी शिंपडून लावायचा तो वाळ्याचा. वाड्याच्या खिडकीची लाकडी पानं म्हणजे झडपा, आणि काच बसवलेली असेल तर तावदान. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी अर्धपारदर्शक शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेल्या झडपा अजून दिसतात. बंद असतानाही त्यांतून दुधाळ, शांत उजेड आत येतो. काकूंना जे हवं होतं त्याला बाजारात 'प्लांटेशन शटर' म्हणतात, आणि "फिरत्या पट्ट्यांची लाकडी झडप" एवढं म्हटलं असतं तरी सुतारानं बरोबर चित्र काढून दिलं असतं. पट्ट्या फिरत्या हव्यात की कायमच्या तिरप्या, हेही त्याच वेळी सांगावं लागतं. तसं सांगितलं नाही तर स्वस्त पडते ती, म्हणजे न फिरणारी, हाती येते.

आणखी दोन जोड्या सतत उलटसुलट होतात. व्हेनिशियन म्हणजे आडव्या पट्ट्या, व्हर्टिकल म्हणजे उभ्या. रोमन ब्लाइंड घड्या घालत वर जातं, रोलर नळीवर गुंडाळतं. रोमनच्या घड्या वर जमून राहतात आणि खिडकीचा वरचा वीतभर भाग झाकून टाकतात. स्वयंपाकघरातल्या बुटक्या खिडकीला म्हणूनच मी रोमन लावू देत नाही. झेब्रा हे रोलरचंच भावंड. त्यात जाळीचे आणि जाड कापडाचे पट्टे आलटून-पालटून असतात आणि कापडाचे दोन पदर एकमेकांवर सरकतात.

माप

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर.

आपले मिस्त्री इंच आणि सूत यांत बोलतात. एका इंचाला ८ सूत. "पंचेचाळीस इंच तीन सूत" हे ते वहीत ४५.३ असं लिहितात. तोच कागद फोटो काढून कारखान्यात गेला की तिथला माणूस संगणकात ४५.३ इंच भरतो. फरक अर्ध्या सुताचा, चालून जातो. पण ४५.७ लिहिलं असेल तर? सात सूत म्हणजे ४५.८७५ इंच, दशांशानं ४५.७. दीड सुताचा फरक पडला. फुटांत तर कहर होतो. ५.१० म्हणजे मिस्त्रीच्या लेखी ५ फूट १० इंच, म्हणजे ७० इंच. कॅल्क्युलेटरच्या लेखी ५.१ फूट, म्हणजे सव्वाएकसष्ट इंचांच्या आसपास. एका बाल्कनीच्या दाराला असं जवळजवळ पाऊण फूट आखूड पडलेलं ब्लाइंड मी स्वतः पाहिलं आहे. यावर उपाय सोपा आहे. ऑर्डरच्या कागदावर मिलिमीटर लिहा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. मिलिमीटरमध्ये ना सूत असतं ना दशांशाचा गोंधळ.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी रुंदी, मग उंची. ११४० × १३७० लिहिलं तर ११४० ही रुंदी. आकड्यांशेजारी 'रुं' आणि 'उं' लिहायला लाज वाटू देऊ नका.

तिसरी, आत की बाहेर. ब्लाइंड खिडकीच्या खाचेत, ग्रॅनाइटच्या चौकटीच्या आत बसणार, की वर भिंतीवर लावून खिडकी झाकणार? हा प्रश्न माप घेण्याआधी सुटला पाहिजे, कारण दोन्हींची मापं वेगळी असतात. आत बसवायचं तर रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. परवाच्या खिडकीत वर ११५२ मिमी आलं, मध्ये ११४६, खाली ११४९. ग्रॅनाइट बसवताना गवंड्याचा हात सहा मिलिमीटर हलला होता, जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं. अशा वेळी सगळ्यात लहान माप धरायचं. खाचेची खोलीही मोजा. ५० मिमीच्या पट्ट्या उघडल्या की त्यांना तेवढी जागा लागणारच, आणि सरकत्या खिडकीची कडी, मच्छरजाळीचा पल्ला यांना त्या घासणार नाहीत ना, हे हात घालून बघा.

बाहेर लावायचं तर दोन्ही बाजूंना आणि वर-खाली साधारण तीन-तीन इंच वाढवतात. त्यानं बिल वाढतं, हेही आधीच जाणून घ्या. ४५ × ५४ इंचांची खिडकी १६.९ चौरस फुटांची. प्रत्येक बाजूला ३ इंच वाढवले की ५१ × ६०, म्हणजे २१.२५ चौरस फूट. दर चौरस फुटाला असतो. शिवाय बऱ्याच दुकानांत किमान क्षेत्रफळ ठरलेलं असतं, त्यामुळे बाथरूमच्या ३ चौरस फुटांच्या खिडकीचं बिल कितीतरी जास्त फुटांचं येऊ शकतं. ते विचारून घ्या.

आता सगळ्यात छुपी चूक. आत बसणारं ब्लाइंड घासू नये म्हणून कारखाना स्वतःच काही मिलिमीटर वजा करतो. ग्राहकानंही "जरा सैल असू दे" म्हणून अर्धा इंच कमी करून दिलेला असतो. दोन वजाबाक्या होतात आणि दोन्ही कडांना फट राहते. म्हणून कागदावर स्पष्ट लिहा: हे खिडकीचं माप आहे, वजाबाकी तुम्ही करा. किंवा हे तयार मालाचं माप आहे, आता काही कमी करू नका. या एका ओळीनं मी कितीतरी भांडणं टळलेली पाहिली आहेत.

ब्लाइंड वर-खाली करायच्या साखळीची बाजू उजवी की डावी, हे खोलीत उभं राहून खिडकीकडे तोंड करून ठरवायचं. पलंगाचं डोकं किंवा फ्रिज ज्या बाजूला येणार तिथे साखळी नको. फर्निचर यायच्या आधी माप घेतलं की ही चूक हमखास होते.

ब्लॅकआउट घेतलं, तरी उजेड येतोच

ही तक्रार दर महिन्याला ऐकते. ब्लॅकआउट हा कापडाचा गुण आहे, खोलीचा नव्हे. कापडातून उजेड येत नाही, कडेनं येतो. रोलरची साखळीची यंत्रणा आणि दुसऱ्या टोकाची पिन यांना जागा लागते, म्हणून कापड नेहमीच एकूण रुंदीपेक्षा इंच-सव्वा इंच अरुंद असतं. आत बसवलेल्या ब्लॅकआउट रोलरच्या दोन्ही बाजूंना पहाटे उजेडाच्या दोन उभ्या रेघा दिसतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी किंवा तान्हं बाळ असलेल्यांनी रोलर खाचेच्या बाहेर, खोलीतल्या भिंतीवर, भरपूर वाढवून लावावा, किंवा त्यावर जाड पडदा घ्यावा. झेब्राकडून पूर्ण अंधाराची अपेक्षा ठेवू नका. आणि 'डिमआउट' लिहिलेलं कापड ब्लॅकआउट नसतं. ते फक्त उजेड मंद करतं. नमुन्याचा तुकडा मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहा, लगेच कळेल.

सनस्क्रीन म्हणजे ऊन गाळणाऱ्या जाळीदार विणीच्या कापडावर १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात. विणीत किती टक्के जागा उघडी आहे, ते हा आकडा सांगतो. दिवसा ५ टक्क्यांच्या कापडातून बाहेरचं झाड छान दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री घरात दिवा लागला की हे उलटतं. समोरची बिल्डिंग २० फुटांवर असलेल्या कोथरूडच्या एका घरात हॉलला फक्त सनस्क्रीन लावलं होतं. त्या घरच्या सूनबाई पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाल्या, "ताई, आम्ही काचेच्या पेटीत बसल्यासारखं वाटतंय." मी त्यांना हे ऑर्डरच्या आधी ठासून सांगायला हवं होतं. आता मी कापड दाखवतानाच सांगते. रंगाचंही असंच: गडद सनस्क्रीनमधून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, फिकट कापड ऊन जास्त परतवतं. दोन्ही एकाच कापडात पूर्ण मिळत नाही.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. काचेतून आत शिरलेलं ऊन ब्लाइंडवर अडलं, तरी त्यातली बरीच उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर अडवलेलं ऊन आत येतच नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आतल्या महागड्या ब्लॅकआउटपेक्षा बाल्कनीला बाहेरून लावलेला साधा चिकाचा पडदा जास्त कामाला येतो. फक्त आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि तो खाली बांधायची सोय करा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात तो फाटेल. मुंबई-कोकणात लाकडी आणि एमडीएफच्या पट्ट्या दमट हवेनं वाकतात किंवा फुगतात. तिथे ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी बरं, आणि स्क्रू स्टेनलेसचे मागून घ्या.

साखळी आणि लहान मुलं

यात तडजोड नको. गोल साखळी किंवा दोरीचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो, आणि जगभरात असे मृत्यू झाले आहेत. म्हणूनच अमेरिकेत १ जून २०२४ पासून लागू झालेल्या मानकात मापाप्रमाणे बनवलेल्या ब्लाइंडनाही मोकळ्या लोंबत्या ओढदोऱ्या चालत नाहीत. आपल्याकडे दुकानदार साखळी भिंतीला घट्ट धरणारी प्लास्टिकची क्लिप खोक्यात देतो, आणि फिटर घाईत ती लावत नाही. ती त्याच्यासमोर उभं राहून लावून घ्या. पाळणा, पलंग किंवा खुर्ची खिडकीखाली ठेवू नका. मुलांच्या खोलीत साखळीविना, हातानं वर-खाली होणारं ब्लाइंड मागा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

रोलरचं कापड गुंडाळताना एका बाजूला सरकतं आणि कड विस्कटते. बहुतेक वेळा दोन ब्रॅकेट एका पातळीत नसतात. लेव्हल बॉटल लावून बघा आणि खालचा ब्रॅकेट थोडा उचलून घ्या. तरीही सरकलं तर फिटर नळीवर एका टोकाला कागदी चिकटपट्टीचा पदर देतो. कोणत्या टोकाला, ते एकदा गुंडाळून पाहूनच ठरवावं लागतं.

व्हर्टिकलच्या पट्ट्या एकसारख्या वळत नाहीत, एखादी आडवी राहते. साखळी एका दिशेनं शेवटपर्यंत ओढा, थोडी अजून ओढा, मग उलट दिशेनं तसंच करा. बहुतेक पट्ट्या जागेवर येतात. पट्टी हातानं वळवायला गेलात तर वरची प्लास्टिकची कडी तुटते.

व्हेनिशियनची दोरी अडकली की लोक सरळ खाली ओढत राहतात. दोरी ब्लाइंडच्या मध्याकडे तिरकी न्या, वरचं कुलूप सुटतं.

ब्रॅकेट सैल होऊन सगळंच खाली येतं, तेव्हा ते पीओपीच्या छतात बसवलेलं असतं. पीओपी वजन धरत नाही. छताचं काम चालू असतानाच, जिथे ब्लाइंड येणार तिथे वर प्लायची पट्टी टाकून घ्या आणि ती नेमकी कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी फिटर ड्रिल घेऊन शिडीवर चढला की तो पहिला प्रश्न हाच विचारतो: "ताई, प्लाय कुठपर्यंत आहे?"