पुण्याहून बंगळुरूला घर हलवताना: शेअरिंग, स्वतंत्र गाडी की फक्त कंटेनर?

पुणे ते बंगळुरू अंतर साधारण ८५० किलोमीटर. घरून भरलेली गाडी थेट निघाली तर दोन दिवसांत पोचते. तरीही पुष्कळांचं सामान आठ-दहा दिवसांनी हाती पडतं, आणि कपाटाचा कोपरा उडालेला, सोफ्याचा पाय हललेला असतो. यातलं बरंचसं नुकसान उचल-ठेव करताना होतं. म्हणून दर विचारायच्या आधी हे विचारा: माल वाटेत पलटी होणार का, म्हणजे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवला जाणार का?

शेअरिंगमध्ये, म्हणजे पार्ट लोडमध्ये, सामान आधी 'छोटा हत्ती' टेम्पोतून किंवा पिकअपमधून गोदामात जातं. त्या बाजूचा बाकीचा माल जमेपर्यंत तिथेच थांबतं, मग मोठ्या कंटेनरमध्ये चढतं, पलीकडच्या गोदामात उतरतं आणि पुन्हा छोट्या गाडीने घरी येतं. तीनदा चढवणं, तीनदा उतरवणं. स्वतंत्र गाडीत हे एकेकदाच होतं. उशीर आणि तुटफूट दोन्ही शेअरिंगमधल्या या थांबण्यातून आणि चढ-उतारातूनच येतात.

तिसरा मार्ग फार कमी लोक वापरतात: पॅकर्सना मध्ये न घेता ट्रान्सपोर्ट एजंटकडून फक्त बंद कंटेनर ठरवायचा. पॅकिंग आपलं, हमाल आपले. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा मार्केट यार्ड परिसरात चौकशी करताना 'रिटर्न गाडी' मागा. कर्नाटकातून माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरला रिकामं परत जायचं नसतं, त्यामुळे भाडं बरंच खाली येतं. मात्र दोन्ही टोकांना हमाल शोधणं, पलंग-कपाट खोलणं आणि जोडणं हे सगळं तुमच्याकडे येतं. घरात पुस्तकं, भांडी, कपडे जास्त आणि लाकडी सामान कमी असेल तरच हा मार्ग परवडतो.

निवड करण्याआधी सामान मोजा. फोनवर 'टू बीएचके' एवढंच सांगून मिळालेला दर गाडी भरताना हमखास वाढतो. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा. उदाहरणार्थ: तीन सीटचा सोफा ६३ घनफूट, न खोललेलं कपाट ५२, डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या ४०, खोक्यासह फ्रिज ३०, खोललेला डबल बेड २५, गादी २०, वॉशिंग मशीन १२, टीव्ही ५. दीड फुटी चौकोनी खोकं सुमारे ३.४ घनफूट, म्हणजे चाळीस खोकी १३५. एकूण ३८२. रचताना फटी राहतात, त्यासाठी वीस टक्के वाढवा: सुमारे ४६०. चौदा फुटी गाडी आतून सहा बाय सहा धरली तर ५०४ घनफूट. सामान बसतं, पण बाल्कनीतल्या कुंड्या आणि स्कूटर मागाहून आठवल्या तर सतरा फुटी लागते.

हिशेब २०० घनफुटांच्या आत आला तर शेअरिंग घ्या. एवढ्यासाठी अख्खी गाडी करणं महाग पडतं. ३५० च्या वर गेला तर स्वतंत्र गाडीच. मधल्या आकड्यांना लाकडी फर्निचर किती आहे ते बघून ठरवा. काच आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सहा हाताळण्या सोसत नाहीत. बोर्डातले स्क्रू एकदा ढिले झाले की पुन्हा पकडत नाहीत.

पावसाळ्यात ताडपत्रीची उघडी गाडी घेऊ नका. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या पुरामुळे हा महामार्ग २०१९ आणि २०२१ मध्ये बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर हातात चार-पाच दिवस जादा ठेवा.

कागदांत बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, सर्वांत महत्त्वाची. तिच्यावर गाडीचा नंबर, वस्तूंची यादी, जाहीर किंमत आणि 'थेट गाडी, पलटी नाही' हे शब्द लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला नंतर किंमत राहत नाही. घरचं वापरलेलं सामान ई-वे बिलातून, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या कागदातून, वगळलेलं आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर नाकारा. 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) या नावाने सामानाच्या किमतीवर काही टक्के लावले जातात, त्याला विमा समजू नका. विमा असेल तर विमा कंपनीचं, तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ते गाडी हलण्याआधी मागा, आणि स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूट त्यात धरली आहे का तेही वाचा. पुष्कळदा ती वगळलेली असते.

पूर्ण पैसे आधी कधीच देऊ नका. थोडा आगाऊ, थोडा गाडी भरल्यावर, उरलेले सामान उतरल्यावर, हे बिल्टीवरच लिहा. बाकीच्या सगळ्यांपेक्षा फारच कमी दर आला तर सावध व्हा: सामान गाडीत चढल्यावर जादा पैशांसाठी अडवून धरण्याचे प्रकार अशाच दरांतून होतात.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून बर्फ वितळू द्या, आणि तो उभाच न्या. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागून ट्रान्झिट बोल्ट लावा. ते नसतील तर ड्रम हादऱ्यांनी आपटून सस्पेन्शन तुटतं. स्प्लिट एसी काढताना मेकॅनिककडून 'पंप डाऊन' करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये घ्या, नाहीतर तिकडे पूर्ण गॅस भरावा लागतो. सिलिंडर गाडीत अजिबात चढवू नका. तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. स्कूटरची टाकी रिकामी करा, आणि ती वर्षभराहून जास्त तिकडे राहणार असेल तर इथल्या आरटीओची एनओसी निघण्याआधीच घ्या.

पलीकडच्या सोसायटीला दोन गोष्टी विचारा: गेटमधून किती फुटांची गाडी आत येते आणि लिफ्ट किती वाजेपर्यंत मिळते. बंगळुरूत अवजड वाहनांना दिवसा काही तास प्रवेश नसतो. मोठी गाडी बाहेर थांबली की छोट्या टेम्पोचं भाडं आणि एक पलटी, दोन्ही तुमच्या माथी.

कंटेनरच्या दाराला स्वतःचं कुलूप लावा, सीलचा नंबर दिसेल असा फोटो काढा. उतरवताना यादीवर एकेक वस्तू खूण करत जा. फुटलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या पावतीवर सही करण्याआधी तसं लिहा, मगच सही. नुकसानीचा दावा लावायचा असेल तर रस्ते वाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस जायला हवी.