खंडेनवमीपर्यंत थांबू नका, टिलर आत्ताच धुवा

बेळगावच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात आणि तिकडे खानापूर भागात भाताची रोप लावणी आटोपली की पॉवर टिलर, म्हणजे मागनं हातानं धरून चालवायचं चिखलणीचं यंत्र, चिखलासकट गोठ्याच्या कडेला उभा राहतो. मग एकदम खंडेनवमीला त्याला आंघोळ, हार आणि नारळ. तोवर काळी माती सिमेंटासारखी घट्ट बसलेली असते आणि तिच्याखाली पत्र्याला गंज धरलेला असतो. पूजा तेव्हाच करा, पण धुणं शेवटच्या चिखलणीच्या दिवशीच उरका.

आधी इंजिन निवू द्या. तापलेल्या बिडाच्या भागावर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. रोटरी (मागचा माती घुसळणारा पात्यांचा दांडा), चाकं, मडगार्ड मनसोक्त धुवा, पण एअर क्लीनर, डिझेल टाकीचं झाकण आणि वायरिंगवर पाणी मारू नका. गाड्या धुवायचा प्रेशर पाइप ऑइल सीलवर (तेल आत राखणाऱ्या रबरी कडीवर) रोखलात तर चिखल निघायच्या ऐवजी आत जातो.

खरं दुखणं रोटरीच्या दांड्यात असतं. इंजिन बंद करा; नुसतं न्यूट्रलवर टाकून हात घालू नका. दांड्याच्या टोकांना गवत, काड्या, दोऱ्या गुंडाळलेल्या सापडतील. गेल्या वर्षी आमच्या टिलरला खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा दोरा गुंडाळला होता. वरून दिसत नव्हता, तो ऑइल सीलच्या कडेखाली शिरलेला. चेनकेसचा, म्हणजे रोटरी फिरवणाऱ्या साखळीच्या तेलाच्या पेटीचा, बोल्ट सोडला तर तेलाऐवजी ताक बाहेर आलं! सील तर गेलंच, बेअरिंगही बदलावं लागलं. तेल असं पांढुरकं दिसलं की पाणी शिरलं म्हणून समजा. अशा वेळी नुसतं नवं तेल ओतून भागत नाही. दोरा बारीक विळ्यानं कापा, कोयता घालून सील फाडू नका.

पात्यांचे नटबोल्ट चिखलात सैल होतात, तेवढे आवळून घ्या. डावी-उजवी पाती अदलाबदल झाली तर माती एकाच बाजूला ढकलली जाते. झिजलेली पाती आत्ता बदलायची घाई नाही. भातामागं मसूर, हरभरा पेरायच्या आधी बदलली तरी चालेल.

एअर क्लीनर तेलाचा असेल तर वाटीतला गाळ टाकून जाळी डिझेलनं धुवा आणि नवं तेल खुणेपर्यंतच भरा. इंजिन ऑइल कुठलं आणि किती तासांनी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. ती कन्नडमध्ये असेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

महिना-दोन महिने टिलर उभा राहणार असेल तर टाकी डिझेलनं भरून ठेवा. अर्ध्या टाकीत पावसाळी हवेचं पाणी होतं आणि ते पंपात उतरतं. बेल्ट सैल सोडा. इंजिन चालू करायचं हँडल हळू फिरवून जिथं दाब लागतो तिथं थांबवा; दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि दमट हवा सिलिंडरात जात नाही. बॅटरी असेल तर वायर सोडून ठेवा.

आणि टिलर भुश्याच्या ढिगाजवळ लावू नका. तिथं उंदीर असतातच, त्यांना वायरीही आवडतात. परत चालू करण्याआधी रेडिएटरच्या जाळीत घरटं नाही ना, एवढं वाकून बघा.