समुपदेशनाच्या एम.ए.ला जाताय? आधी सुपरव्हिजनचं विचारा

पुण्यात समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेताना मी फी आणि हॉस्टेल एवढीच चौकशी केली होती. आता कुणी या वाटेला येतंय म्हटलं, की मी पहिल्यांदा हे विचारायला सांगते: सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाने आपलं काम तपासून मार्गदर्शन करणं, ते कोण देणार आणि आठवड्याला किती वेळ?

पहिलं वर्ष रॉजर्स, बेक, एलिस या मानसोपचारपद्धतींच्या प्रवर्तकांना वाचण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एका दवाखान्यात प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण लागलं आणि समोर चाळिशीतल्या एक ताई येऊन बसल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "कशातच जीव लागत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला नैराश्य जाणवतंय." त्या "हो" म्हणाल्या आणि मिटल्याच. पुढची वीस मिनिटं मी विचारत राहिले, त्या हो-नाही म्हणत राहिल्या.

सेशन झालं की वर्बेटिम लिहायचं असतं. कोण काय बोललं, कुठे थांबलं, सगळं आठवून शब्दशः. एका सेशनला माझी अख्खी संध्याकाळ जायची. सुपरव्हिजन देणाऱ्या मॅडमनी ते वाचून माझ्या त्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "त्यांनी दिलेला शब्द तू का बदललास?"

मला उत्तर देता आलं नाही. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. ताई बोलत होत्या तेव्हा मी आतल्या आत लक्षणांची यादी जुळवत होते. पुढच्या वेळी एवढंच म्हटलं, "जीव लागत नाही म्हणालात. आधी कशात लागायचा?" त्या भरतकामाबद्दल बोलायला लागल्या. मग ज्या बहिणीसोबत ते करायच्या, तिच्याबद्दल. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि हे दवाखान्याच्या कागदांवर कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. जीव टांगणीला लागणं, पोटात गोळा येणं, डोकं बधिर होणं, मन उडणं. लोक दुखणं असं सांगतात. मराठीत काम करायचं असेल तर ही वही पाठ्यपुस्तकाइतकीच लागते. कि. मो. फडके यांनी एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली, ते लेखन मला फार उपयोगी पडलं. या पद्धतीतले वादाचे प्रश्न, म्हणजे समोरच्याच्या समजुतींना आव्हान देणारे प्रश्न, मराठीत विचारले की समोरच्याला आपण रागावतोय असं वाटू शकतं. तो सूर सांभाळायला शिकावं लागतं.

गोपनीयता वर्गात सोपी वाटते. दवाखान्यात सासूबाई दाराबाहेर बसलेल्या असतात आणि विचारतात, "काय म्हणाली ती?" त्यांना न दुखावता नाही म्हणायची तयारी आधी रोल-प्लेमध्ये करा. अपवादही पहिल्याच भेटीत सांगायचे: जिवाला धोका असेल, किंवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गप्प राहता येत नाही. असा अत्याचार पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी प्रत्येकाला लिहून देते, कारण रात्री दोन वाजता मी फोनवर नसते.

पदवीबद्दल थोडक्यात. एम.ए. करून तुम्ही समुपदेशक म्हणून काम करू शकता. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. औषधं लिहून देणं मनोविकारतज्ज्ञांचं काम. चार शनिवार-रविवारांत 'थेरपिस्ट' करून देणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका. तिथे तुमचं काम तपासणारं कुणी नसतं, आणि त्याची किंमत समोरचा माणूस मोजतो.

खर्चात स्वतःच्या थेरपीचे पैसे धरा. माझ्या वडिलांच्या आजारपणाबद्दल मी कुठेच बोलले नव्हते, म्हणून आजारी वडिलांचा विषय निघाला की मी घाईघाईने धीर द्यायला लागायचे. हे वर्बेटिममध्ये तीनदा सापडलं, तेव्हा मॅडमनीच मला कुणाकडे तरी जायला सांगितलं. मी आठ महिने गेले.

तर प्रवेशाआधी सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्रॅक्टिकममध्ये प्रत्यक्ष माणसं भेटतात की नुसत्या चाचण्या करायला लावतात, सुपरव्हिजन एकेकट्याला मिळतं की तीस जणांना मिळून, मराठीतलं वर्बेटिम चालतं का, हे त्यांनाच विचारा. माहितीपत्रकात यातलं काही छापलेलं नसतं.