एक्स-रे खोली तपासायला शिकताना

एम.एस्सी. फिजिक्सनंतर मी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षाचा डिप्लोमा केला आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता असलेल्या, एक्स-रे मशीनची गुणवत्ता तपासणी म्हणजे क्यूए करणाऱ्या एका एजन्सीत लागले. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी मोजमापांची धास्ती घेऊ नये. सेट केलेला आणि प्रत्यक्ष आलेला केव्हीपी (एक्स-रे ट्यूबवरचा कमाल व्होल्टेज) यांत ५ केव्हीपेक्षा (किलोव्होल्ट) जास्त फरक नको, ट्यूबमधून होणारी किरणांची गळती १ मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या आत हवी, किरणं कुठे पडणार ते दाखवणारा प्रकाशाचा चौकोन आणि प्रत्यक्ष किरणांचा चौकोन एकावर एक बसायला हवा. हे सगळं सरावानं हातात बसतं.

वेळ लागतो तो खोली बघायला शिकण्यात.

तालुक्याच्या गावातलं एक छोटं सेंटर होतं. सगळे आकडे बरोबर आले, मी बॅग भरायला घेतली. सोबतचे सर म्हणाले, "तो एप्रन काढ बरं." किरणं अडवणारा शिशाचा एप्रन घडी घालून खिळ्याला अडकवलेला होता. टेबलावर पसरून आम्ही त्याचाच एक्स-रे काढला. घडीच्या जागी वीतभर लांब काळी चीर! आतलं शिसं तडकलेलं. तोच घालून तिथल्या टेक्निशियन ताई लहान मुलांना धरत होत्या. खरं तर मूल धरायचं काम त्यांचं नाहीच, आईला किंवा वडिलांना एप्रन घालून धरायला सांगायचं. ताईंचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बॅज, ड्रॉवरमध्ये होता. हरवला तर बोलणी बसतात म्हणून. म्हणजे दर तीन महिन्यांच्या रिपोर्टात त्यांचा डोस नगण्य दिसणार, आणि वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) ही मर्यादा कागदावर पाळली जाणार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून "एप्रन वापरता ना?" असं मी विचारत नाही. उत्तर "हो"च येतं. "मूल हललं तर काय करता?" असं विचारते. मग माणूस मोकळेपणानं सांगतो. तुम्हीही तसंच विचारा. आणि जमलं तर आधी पंधरा दिवस एखाद्या गर्दीच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे विभागात नुसते उभे राहा. पेशंटची रांग दारापर्यंत आली की टेक्निशियन कुठली पायरी गाळतो, ते तिथेच दिसतं.

क्यूए दोन वर्षांतून एकदा असतो. पुढच्या खेपेला त्याच सेंटरला मी एकटी गेले. नवा एप्रन आडव्या दांडीवर पसरून टांगलेला होता, बॅज ताईंच्या छातीवर होता. त्यांनी चहा सांगितला. तो येईपर्यंत मी नव्या एप्रनचाही एक्स-रे काढला.