एटीईच्या धंद्यात येताय? मग आधी हे विचारा

गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं विचारतात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑटोमॅटिक टेस्ट इक्विपमेंटच्या (एटीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणं आपोआप तपासणारे टेस्टर) कामात शिरायचं तर काय शिकू? टेस्ट प्रोग्रॅम लिहायला लागणारं लॅबव्ह्यू, पायथन शिकाच. पण मुलाखतीला आलात तर माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो: विमानातला बिघडलेला इलेक्ट्रॉनिक डबा दुरुस्त कुठे होतो?

आमची भाकरी त्या उत्तरावर अवलंबून आहे. जुनी रीत तीन पातळ्यांची. विमानापाशी डबा, म्हणजे एलआरयू (लाइन रिप्लेसेबल युनिट), नुसता बदलायचा. तळावरच्या वर्कशॉपमध्ये त्यातलं खराब कार्ड हुडकायचं. कार्डाची दुरुस्ती डेपोत, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती कारखान्यात. मधल्या पातळीमुळे तळागणिक टेस्टर खपायचे. 1990च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने बऱ्याच एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) ही मधली पातळीच काढून टाकली. त्यांच्या नौदलाची अडचण जागेची. विमानवाहू जहाजावर प्रत्येक यंत्रणेचा वेगळा टेस्टर मावेना, म्हणून कॅस हा एकच सामायिक टेस्टर आला. कारणं निराळी, पण टेस्टर बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक दोन्हीकडे घटलं.

मग काम उरतं कुठे? टीपीएसमध्ये, म्हणजे टेस्ट प्रोग्रॅम सेटमध्ये. एकेका डब्यासाठी टेस्ट प्रोग्रॅम, जोडणीचा अडॅप्टर आणि कागदपत्रं. (कागदपत्रांचा कंटाळा असेल तर हा धंदा नको.) दुसरं काम जुनं टिकवण्याचं. दाबोळीच्या हंसा या नौदलाच्या तळावर सी हॅरियर लढाऊ विमानं 1983 ते 2016 होती. तेवढ्यात टेस्टरच्या जगात मोजणीच्या कार्डांची दोन मानकं, 1987 साली व्हीएक्सआय आणि 1997 साली पीएक्सआय, येऊन स्थिरावली. विमान दशकानुदशकं उडतं, टेस्टरमधलं मोजणीचं कार्ड मात्र कंपनी मध्येच बंद करते. मग नव्या कार्डावर जुना प्रोग्रॅम चालवायचा आणि मोजमाप तेच येतं हे सिद्ध करायचं. नवीन लिहिण्यापेक्षा हे किचकट.

खरा कस लागतो तो ‘दोष सापडला नाही’ या शेऱ्यापाशी. विमानातली बिल्ट-इन टेस्ट, म्हणजे यंत्रणेची स्वतःचीच तपासणी, डबा खराब म्हणते, बेंचवरच्या टेस्टरवर तोच डबा पास. अशा वेळी प्रोग्रॅम पुन्हापुन्हा चालवत बसू नका. कनेक्टर भिंगाखाली धरा. एखादी पिन केसभर आत सरकलेली असते. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवत रीडिंग बघा. डबा तापू द्या, मग मोजा. मधलं वर्कशॉप असताना असा डबा तळावरच पडताळून परत लागायचा. आता तो डेपोची वारी करून येतो आणि तेवढे दिवस त्याच्या जागी लावलेला राखीव डबा अडकतो. म्हणून नुसतं पास-फेल सांगणाऱ्या प्रोग्रॅमला आता कोणी विचारत नाही.

नोकरी धरताना एवढं विचारून घ्या: पहिल्या वर्षी सर्किट वाचून टेस्ट लिहायला देणार, की टेस्टरच्या रॅकचं वायरिंगच करून घेणार? सहा महिने वायरिंग चालेल. त्यापुढे नको.